कुणी न दाबलेलं बटन

मांजरसुंब्याच्या चौकात तांब्याच्या तारेची दोन रिळं पायाशी ठेवून मी चहा पीत उभा होतो, तेव्हा माझ्या दोस्ताच्या, अंकुशच्या पोरीचा, पल्लवीचा फोन आला. बीडहून माल घेऊन परत निघालो होतो, केजची गाडी यायची होती. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. "दत्तूकाका, पप्पा..." एवढंच बोलली पोरगी पुण्याहून, आणि मग नुसता तिचा श्वास ऐकू यायला लागला. मी म्हणालो, "काय झालं? पडला का?" कारण अंकुशला काही झालं तर तो फार तर पडेल, मरणार नाही, अशी आपली माझी एक समजूत होती. तो गेला होता. केजला, तहसीलच्या समोर, त्याच्या रोजच्या टेबलावर, एका बाईचा वारसनोंदीचा अर्ज टाइप करता करता. छातीत कळ आली का, कुणाला हाक मारली का, काहीच नाही. समोरच्या बाईला वाटलं, भाऊ विचार करतायत. ती बिचारी गप बसून राहिली. मग तिनंच शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावलं, पण माणूस हलत नाही म्हणून नाही. "भाऊ थांबलेत, पण त्यांचं मशीन थांबंना," असं ती म्हणाली. पडद्यावर अर्धा अर्ज होता आणि त्याच्याखाली नुसतं य, य, य... ओळीमागून ओळ, पानामागून पान वर सरकत चाललेलं. झेरॉक्सवाल्यानं वायर उपटली तेव्हा थांबलं. टायपिंगमध्ये प्रत्येक बोटाची अक्षरं ठरलेली असतात, आणि 'य' हे अंकुशच्या उजव्या करंगळीचं अक्षर. आणि त्याला उजव्या हाताला करंगळी नव्हती. वीस वर्षं झाली, नव्हती.

मी युसूफ वडगावात मोटारी भरतो. म्हणजे जळालेल्या मोटारींतली तार काढून नवी गुंडाळतो. लिहिणं हे माझं काम नाही, अंकुशचं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांची दुखणी 'विनंती अर्ज सादर करतो की' म्हणून लिहून दिली. त्याला जाऊन दोन महिने होत आले तेव्हा त्याची लेक पल्लवी मला म्हणाली, "काका, पप्पांवर तुम्हीच लिहा, पेपरला पाठवू." मी म्हणालो, "सगळं लिहू का?" ती म्हणाली, "सगळं." आता मागं फिरायला तोंड नाही. वहीत लिहून देतोय, टाइप तीच करणार आहे.

आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. कट्टी आठवड्यातून दोनदा तरी व्हायची, आणि करंगळीत करंगळी अडकवून, हिसडा मारून, रीतसर व्हायची. दुसऱ्या दिवशी डबा खायच्या वेळेला बट्टी. एकदा श्रावणात कपिलधारला गेलतो तर धबधब्याखाली भांडलो आणि तिथंच कट्टी केली. परतीच्या गाडीत एका सीटवर बसलो पण गावापर्यंत बोललो नाही. बारावीनंतर मी केजच्या एका उस्तादाकडं वाइंडिंग शिकायला लागलो, तो त्याच गल्लीत टायपिंग शिकला. काय हात होता त्याचा! दहाच्या दहा बोटं पळायची, आणि हा गडी समोरच्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत टाइप करायचा. म्हातारी माणसं तर त्याचे हात बघायलाच बसायची. त्याला त्याचा लई माज होता, आणि मी तो माज उतरवायचा प्रयत्न सोडला नाही. "बे, मशीन तुझी बोटं हाणतंय का तू मशीनला हाणतोस?" असं मी विचारायचो. तो म्हणायचा, "तू तुझी तार गुंडाळ."

आता ती करंगळीची गोष्ट. गावाला ती ठाऊक आहे, पण खोटी ठाऊक आहे. अंकुशच्या गोठ्यात कडबाकुट्टीचं मशीन होतं. त्याची मोटार जळाली, मी भरून आणली, बसवली, वायरी जोडल्या. तीन फेजची मोटार जोडली की ती सुलट फिरते का उलट, हे बघायला आम्ही स्टार्टरचं हिरवं बटन एक क्षण दाबून सोडतो. टिचकी म्हणतो आम्ही त्याला. टिचकीच्या आधी मोठ्यानं ओरडायचं असतं, "हात काढा, चालू करतोय!" उस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट आहे ही, तार ओळखायच्याही आधी. त्या दिवशी अंकुश मशीनच्या तोंडात अडकलेला जुना कडबा ओढून काढत होता. मला पाठ करून, वाकून. आणि मी ओरडलो नाही. का नाही ओरडलो? घाई नव्हती, भांडण नव्हतं, प्यालेलो नव्हतो. नाही ओरडलो. नुसती टिचकी मारली. करंगळी मुळापासून गेली आणि शेजारचं बोट अर्धं.

त्याचे वडील धावत आले. ओरडले, "कुणी दाबलं?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "मी न्हाई दाबलं. लाईट आली!" त्या काळात लाईट कधी जाईल, कधी येईल याचा नेम नव्हता, आणि स्टार्टरला ऑटो लावलेला असला की लाईट आल्याबरोबर मोटार आपली आपण सुरू व्हायची. सगळ्यांनी मानलं. मग ऑटो बंद करायचं काम कुणाचं? ज्याची मोटार, त्याचं. म्हणजे दोष अंकुशचाच. दवाखान्याच्या दारात वडील त्याला म्हणाले, "आटो बंद करता येत न्हवता का रं? डोळे फुटले व्हते?" हाताला रक्तानं भिजलेलं धोतर गुंडाळलेलं होतं त्याच्या. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. तो वडिलांच्या शिव्या गिळून आत गेला. पुढं वीस वर्षं गाव पोराबाळांना सांगत राहिलं, ऑटो बंद करत जा रे, न्हाई तर अंकुशसारखं होईल. मीही मान हलवायचो. कशी हलवली मी मान, हे आता माझं मलाच कळत नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो तर पट्टी बांधलेला हात वर करून मला म्हणाला, "दत्त्या, आता तुझ्याशी कट्टी बी करता येणार न्हाई, बे." मी हसलो. बाहेर येऊन लिंबाखाली ओकलो. 

दोन-तीन महिन्यांनी त्याची ती करंगळी खाजायला लागली. हसू नका. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बोट गेलं तरी मेंदूला कळायला वेळ लागतो. पण त्याच्या मेंदूला कधी कळलंच नाही. बोलता बोलता तो डाव्या हातानं उजव्या हाताच्या पलीकडची हवा खाजवायचा, आणि त्याला बरं वाटायचं, चेहऱ्यावर दिसायचं ते. कधी म्हणायचा, आज थंड पडलीय. कधी म्हणायचा, मुडपून बसलीय, सरळ होईना. एकदा माझ्या दुकानात बसला होता, मी पाठमोरा मोटार खोलत होतो, तर म्हणाला, "दत्त्या, सोड की." मी म्हणालो, "काय सोडू?" तो म्हणाला, "काय न्हाई. कुणीतरी करंगळी धरल्यासारखं वाटलं. तू कट्टीला धरायचास तसं." माझ्या हातात पाना होता, तो खाली पडला. तो आपला विडीचं थोटूक विझवून गेला निघून.

टायपिंग त्यानं सोडलं नाही. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, हा आठ बोटांनी झगडत राहिला. पण करंगळीची अक्षरं मधल्या बोटानं गाठायची म्हणजे दर शब्दाला हात वाकडा करायचा. मनगट सुजायला लागलं, खांद्यापर्यंत कळा. गिऱ्हाईक शेजारच्या पोरांकडं वळलं. तहसीलच्या झाडाखाली माणसं रांगेत उभी आणि ह्याच्या टेबलासमोरची खुर्ची मोकळी, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तो म्हणायचा, "आता बास. टेबल काढतो." शोभा वहिनी, म्हणजे त्याची बायको, मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, टेबल काढलं तर हे जगायचे न्हाईत. कायतरी करा."

मग गेल्या दिवाळीला पल्लवी पुण्याहून आली, ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिनं मोबाईलवर दाखवलं. जगात कुठं कुठं लोक आपल्या हाताच्या मापाचा कीबोर्ड घरी बनवतात. दोन तुकडे, डाव्या हाताचा वेगळा, उजव्याचा वेगळा, हात जिथं सहज पडतो तिथं बटनं. आणि मागून एकेका बटनाला हातानं तार जोडायची. "काका, हे तर तुमचंच काम," ती म्हणाली. मी म्हणालो, "माझ्या मोटारीला दोनच बटनं असतात बाई, एक हिरवं, एक लाल. एवढी कुठं घेऊन बसू?" पण मनात म्हणालो, देवा, ही संधी तू दिलीस. बोट तर परत देता येत नाही...

माप कणकेत घेतलं. वहिनीनं परातीत घट्ट कणीक मळून दिली, आणि अंकुशनं कामाला बसतो तसे दोन्ही हात त्यात दाबले. उचलले. डाव्या हाताचे पाच खड्डे पडले. उजव्याचे मी मोजले. अंगठा, पहिलं बोट, मधलं, अर्ध्या बोटाचा खुंट... आणि त्याच्या पलीकडं आणखी एक. पुसट, बारकी वाटी. मी म्हणालो, "तळहाताची कड लागली असंल." अंकुश म्हणाला, "न्हाई. पाची ठेवली मी." वहिनीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं, परात उचलली आणि कणीक एका मुठीत मोडून टाकली. त्या कणकेच्या पोळ्या तिनं केल्या नाहीत, गाईला घातली. पण तोवर मी कागदावर पाची खड्ड्यांची मापं घेतली होती.

जुन्या पॅनेलच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यातून मी चौकोनी भोकं पाडली, कानशीनं घासून एकेक सरळ केली, आणि पत्रा हाताच्या उतारानं वाकवला. पल्लवीनं कुरिअरनं बटनाखालच्या टक वाजणाऱ्या डब्या पाठवल्या, कुठलं बटन दाबलं ते कॉम्प्युटरला सांगणारा काडेपेटीएवढा एक बोर्ड पाठवला. भोकं पाडताना आमचं भांडण झालं. अंकुश म्हणाला, करंगळीखालीही बटन पाहिजे. "बोट हाय तिथं बटन पाहिजे." मी चिडलो. "बोट न्हाई बे तिथं!" असं ओरडून गेलो आणि जीभ चावली. तो शांतपणे म्हणाला, "तुला दिसत न्हाई म्हणून न्हाई का?" पाडलं मग मी तेही भोक. पल्लवीनं प्रोग्राम केला. करंगळीच्या बटनाला जुन्या सवयीचा 'य' दिला, आणि 'य' खरोखर मारता यावा म्हणून आणखी एक 'य' डाव्या हाताला. अर्ध्या बोटाखाली दोन बटनं होती. खुंट त्यांच्यावर कसाही पडायचा म्हणून त्यांना काहीच अक्षर दिलं नाही. अंगठ्यापाशीही एक जास्तीचं बटन होतं, तेही तसंच. अशी तीन बटनं मुकी ठेवली.

चूक पुढं झाली. प्रत्येक बटनाला एक डायोड लागतो, म्हणजे तांदळाएवढा काचेचा तुकडा, करंट एकाच बाजूनं सोडणारा. आमच्या धंद्यात करंट दोन्हीकडून येतो-जातो, दिशेची मला सवय नाही. आणि वाइंडरची दुसरी सवय म्हणजे कुठलीही वस्तू हातात आली की पहिल्यांदा ती सिरीजच्या बल्बाला लावून बघायची. बल्ब पेटला, माल चांगला. मी डायोड घेतला आणि लावला घरातल्या लाईनवर, बल्बामधून. फट्! दुसरा, फट्! तिसरा उडाल्यावर अक्कल आली. पल्लवीनं मोजून पाठवलेले होते. तिला सांगायची लाज वाटली. म्हणालो, मुक्या बटनांना कशाला पाहिजे डायोड? त्या तिघांना सरळ तांब्याची तार मारली, सगळ्या जोडांवर मोटारीचं वार्निश फिरवलं आणि झाकण लावलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी त्याच्या ओसरीवर कीबोर्ड जोडला. त्यानं हात ठेवले. वीस वर्षांनी मी त्याला पडद्याकडं न बघता, माझ्या तोंडाकडं बघत टाइप करताना बघितलं. वहिनी दारात उभी होती. टक टक टक... आणि मग तो थांबला. त्याचे डोळे भरले होते. "दत्त्या," तो म्हणाला, "करंगळीनं 'य' मारला बघ." मी म्हणालो, "डावीकडचा लागला असंल." तो म्हणाला, "डावा हात काढला," आणि डावा हात मांडीवर ठेवला. मी वाकून त्याच्या उजव्या हाताकडं बघत राहिलो. त्यानं तो हात थोडा बाहेरच्या अंगाला कलवला, बोट लांब करून टेकवावं तसा. करंगळीच्या बटनाला काहीएक शिवलं नाही. बटन तसूभर हललं नाही. पडद्यावर 'य' उमटला. परत कलवला. परत उमटला. "दहा बोटं झाली, दत्त्या," तो म्हणाला.

महिनाभर मी त्याच्या घराकडं फिरकलो नाही. मग एक तार ढिली झाली म्हणून तो कीबोर्ड दुकानात टाकून गेला आणि मी मागून खोलून बघितला, तेव्हा कळलं. ती माझीच करणी होती. हात कलवला की त्याचा खुंट दोन्ही मुक्या बटनांवर एकदम पडायचा, अंगठा तिसऱ्या मुक्यावर टेकायचा. तिन्हीला सरळ तार, त्यामुळे करंट उलट्या वाटेनं फिरून यायचा, आणि बोर्डाला वाटायचं, चौथं दाबलं गेलंय. करंगळीचं. तीन दाबली की चौथं आपोआप. बाजारातून तीन डायोड आणले, खिशात टाकले आणि त्याच्याकडं गेलो. त्याला सगळं समजावून सांगितलं. म्हणालो, "फॉल्ट हाय तो. कुणी न दाबता येतंय ते अक्षर. दहा मिनिटांत काढतो." तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "राहू दे. माझं बोट हाय ते." आणि माझ्याकडं एकटक बघत म्हणाला, "आन् एक सांगू का? कुणी दाबल्याबिगर काय बी चालू होत न्हाई, दत्त्या. तुला तर ठावं हाय."

त्यानं आत बघून हाक मारली, "शोभा, दोन कप चहा ठेव. दत्त्या बसणार हाय." चहा आला. त्यानं त्याचा कप उचलला नाही, नुसता माझ्याकडं बघत बसला. त्याच्या चहावर साय धरली. मी चटका बसत असताना माझा चहा संपवला, गिऱ्हाईक आलं असंल म्हणालो आणि उठलो. ते तीन डायोड माझ्या खिशातच राहिले. शर्ट बदलला की मी ते काढून दुसऱ्या शर्टात टाकायचो.

पुढचे काही महिने त्याचं टेबल परत भरलं. हात दुखायचा थांबला. म्हातारी माणसं परत त्याचे हात बघायला बसायला लागली आणि कुजबुजायला लागली, कारण लक्ष देऊन बघणाऱ्याला ते दिसायचंच. एक म्हातारा तर अर्ज घेतल्यावर त्याच्या पाया पडला. अंकुश रोज सकाळी फडक्यानं कीबोर्ड पुसायचा, पण करंगळीच्या बटनाला फडकं लावायचा नाही. त्यावर तहसीलच्या आवारातली सगळी धूळ बसलेली. धुळीवर एक ओरखडासुद्धा नाही, आणि ते रोज शेकड्यानं 'य' लिहीत होतं. "पुस की ते," मी म्हणायचो. "ज्याचं बोट त्यानं पुसावं," तो म्हणायचा. आणि मग ती मांजरसुंब्याची दुपार...

तेराव्यानंतर पल्लवी पुण्याला परतली. केजचं टेबल, कॉम्प्युटर, कीबोर्ड सगळं घरी आणून ओसरीवर जसंच्या तसं मांडलं होतं. पल्लवी त्याच कॉम्प्युटरवर आईशी बोलते. मी आठवड्यातून एकदा जायला लागलो. एक दिवस वहिनी म्हणाली, "भाऊजी, दुपारी मी पुसायला घेते तवा 'य' उमटतोय." फडक्याचा दाब तिन्ही मुक्यांवर पडत असणार, दुसरं काय? पण मला ते अक्षर बघायचंच नव्हतं. मेलेल्या माणसाची करंगळी त्या घरात फिरतेय आणि मला बघतेय, असं व्हायला लागलं होतं. मी म्हणालो, "फॉल्ट हाय वहिनी तो. आज काढूनच टाकतो." ती "बरं" म्हणून चहा ठेवायला आत गेली. मी कीबोर्ड पालथा केला. वार्निशचा वास आला. तिन्ही तारा तोडल्या, खिशातले तीन डायोड जोडले, ह्या वेळी त्यांच्यावरची करंटची दिशा दाखवणारी काळी रेघ नीट बघून. उलटून तिन्ही बटनं एकदम दाबली. काही नाही आलं. हुश्श केलं मी. खरं सांगतो, सुटलो असंच वाटलं मला.

वहिनी चहा घेऊन आली. कप ठेवला, फडकं घेतलं, अंकुशसारखंच करंगळीचं बटन सोडून कीबोर्डावरून फिरवलं आणि पडद्याकडं बघितलं. परत फिरवलं, जरा दाबून. "आता येत न्हाई?" मी म्हणालो, "न्हाई. नीट झालं." ती तिथंच खाली बसली. फडकं हातातच होतं. "कावून नीट केलं, भाऊजी?" ती म्हणाली. "मी काय धूळ पुसत व्हते का रोज? रोज कुठं येती एवढी धूळ..." आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. तेराव्यापर्यंत रडली नव्हती इतकी.

म्हणजे ती करंगळी मी दुसऱ्यांदा तोडली होती. मला बसवेना, उभं राहवेना. मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी लाईट आली न्हवती. कडबाकुट्टीचं बटन मी दाबलं. मी ओरडलो न्हाई, आणि वर खोटं बोललो." वीस वर्षं अडकलेलं ते तीन वाक्यांत संपलं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "ठावं हाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतोय. ती म्हणाली, "त्या दिशी मी गिरणीवर दळण घेऊन बसलते, सकाळपासून. गिरणी एकदा सुदिक थांबली न्हाई. लाईट गेलीच न्हवती, तर येईल कुठून?" मी विचारलं, "आणि अंकुशला?" "त्यांना मी दवाखान्यातच सांगितलं. त्यांनी मला शपथ घातली. म्हनले, कुणाला बोलू नको. दत्त्या आपणहून सांगंल. आपण विचारलं तर त्यो परत खोटं बोलंल, आन् मग दोस्ती जाईल." तिनं फडकं मांडीवर ठेवलं. "तुमी त्ये डायोड का काय घेऊन आलते, आन् त्यांनी मला दोन कप चहा ठेवायला लावलाता... आठवतंय? तुमी गेल्यावर मी कप उचलायला आले, तर म्हनले, आज बी न्हाई."

आज बी न्हाई! वीस वर्षं तो माणूस माझी वाट बघत होता. बापाच्या शिव्या, गावाची टिंगल, सुजलेलं मनगट, सगळं सोसून, मी एकदा तोंड उघडावं म्हणून. आणि मी त्याचा चहा पिऊन उठून गेलो. त्या दुपारी मी ओसरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. मग कीबोर्ड परत पालथा केला, डायोड कापून फेकून दिले, तिन्ही तारा होत्या तशा जोडल्या. वहिनीनं फडकं फिरवलं. 'य' उमटला. "बरं झालं," ती म्हणाली आणि चहा गरम करायला घेऊन गेली.

आता मी दर गुरुवारी जातो. अंकुशच्या खुर्चीवर बसतो. आधी हात मांडीवर ठेवतो आणि मोठ्यानं म्हणतो, "अंकुश, हात काढ. चालू करतोय." मग वाकलेल्या माणसाला हात ओढून घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा थांबतो. मग करंगळी मुडपून ती तीन बटनं दाबतो. 'य' येतो. वहिनीला आत ऐकू जातं. वेडेपणा असेल. असू दे.

गेल्या गुरुवारीही तसंच बसलो. म्हणालो, "अंकुश, हात काढ. चालू करतोय." थांबलो. ओसरीवर सगळं शांत होतं, गोठ्यात गाय रवंथ करत होती. माझे दोन्ही हात मांडीवर होते. टक, असा बारीक आवाज झाला आणि पडद्यावर 'य' उमटला. एकच. मी करंगळीच्या बटनाकडं बघितलं. वरची धूळ होती तशी होती. कुठं तार चिकटली असेल, वार्निश उन्हानं मऊ झालं असेल, मी वाइंडर आहे, मला दहा कारणं सुचतात. पण हात उचलायचं धाडस होईना. वहिनी दारात येऊन उभी होती.

"तुमी दाबलं का, भाऊजी?"

"न्हाई, वहिनी. मी न्हाई दाबलं."

हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोललो. पहिल्यांदा ते खोटं होतं.